पहिली एकल कथक मैफल: ७५ मिनिटांत काय ठेवायचं, काय सोडायचं? आणि त्यानंतर पुढे काय?

प्रश्न: मध्यलय_पुणे

नमस्कार. कथक विशारद पूर्ण झालंय (गांधर्व महाविद्यालय मंडळ), वय २३. साडेचार महिन्यांनी पुण्यात ३०० खुर्च्यांच्या नाट्यगृहात पहिली एकल मैफल करायची आहे. वेळ ७५ मिनिटं, मध्यंतर नाही. सध्याचा आराखडा असा: चौतालात शिववंदना, मग धमार १५ मिनिटं, तीनताल विलंबित ते द्रुत ३५ मिनिटं (एकूण २६ बंदिशी, म्हणजे बांधलेल्या नृत्यरचना), एक ठुमरी, एक अभंग, शेवटी तराणा.

गुरुजी म्हणतात, "जास्त भरलंयस." पण काय काढू तेच सुचत नाहीये. सगळंच तयार आहे. दुसरं म्हणजे गाणाऱ्या ताईंची पट्टी (त्यांचा षड्ज) काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी आहे, आणि लेहरा (पेटीवर सतत फिरणारी तालाची धून) आणि तबला मी आजवर काळी एकमध्येच केलाय. खर्च आवाक्यात राहावा म्हणून अर्धा कार्यक्रम रेकॉर्डेड ट्रॅकवर करावा का? आणि खरं विचारायचं तर, मैफल झाल्यावर पुढे काय? नृत्यावर पोट भरतं का, आणि कसं?

उत्तर: पढंतवाली

गुरुजींचं बरोबर आहे. हा पावणेदोन तासांचा ऐवज आहे. आकडेमोडच करून बघा.

विलंबित तीनताल मिनिटाला ५० मात्रांनी धरलात तर एक आवर्तन (१६ मात्रांचा एक फेरा) १९ सेकंदांचं होतं. एक साधा दोन आवर्तनांचा तोडा घ्या: पढंत (बोल तोंडाने म्हणणं) २ आवर्तनं, नाच २, मधे श्वास घ्यायला आणि लेहरा ऐकू यायला २. झाली ६ आवर्तनं, म्हणजे जवळपास २ मिनिटं. २६ बंदिशी गुणिले २ म्हणजे ५२ मिनिटं, आणि तुम्ही ठेवलीत ३५, त्यात द्रुत धरून! मग रंगमंचावर काय होतं, तर श्वासाची आवर्तनं खाल्ली जातात. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) आली की लगेच पुढची पढंत. प्रेक्षकाला समेचा आनंद घ्यायला वेळच मिळत नाही, आणि तुम्हाला दम लागून पढंतीतले बोल गिळले जातात.

चक्रदार विलंबितात आहेत का? असतील तर उचला आणि मध्यलयीत न्या. २७ मात्रांचा तुकडा तीनदा म्हणजे ८१ मात्रा, ५ आवर्तनं आणि सम. ५० च्या लयीत पढंत, नाच आणि श्वास मिळून ही एकच बंदिश जवळपास ४ मिनिटं खाते. तीच १२० च्या लयीत दीड मिनिटात बसते आणि जास्त खुलते.

मी असं मांडेन: वंदना ५-६ मिनिटं, विलंबित तीनताल २४ (तीन थाट, आमद म्हणजे प्रवेशाची रचना, एक परणआमद, चार-पाच तोडे-तुकडे, पखवाजाच्या बोलांच्या दोन परणी), मध्यलय १२ (चक्रदार, कवितेच्या शब्दांवरचं कवित्त, तिश्र जातीचं, म्हणजे तीनच्या हिशोबातलं काही), गतनिकास (चालींचे प्रकार) आणि एक गतभाव (चालीतून मांडलेली कथा) १०, अभिनय १४, द्रुत आणि तत्कार (पायांचं काम) १०. बेरीज ७६. धमार आणि तराणा दोन्ही बाहेर. धमारावर जीव असेल तर वंदना आखूड करून मध्यलयीतल्या चक्रदारांवर पाणी सोडा आणि १० मिनिटांचाच धमार करा, पण मग तो आधी येईल, तीनतालानंतर नाही. तीनताल द्रुतापर्यंत चढवल्यावर परत १४ मात्रांच्या संथ तालात कोणी बसत नाही.

थाट तीनच का म्हणते? कारण पहिल्या समेला प्रेक्षक तुमची उभं राहण्याची पद्धत बघतो. मान, मनगट, भुवई, श्वास. थाटात घाई झाली की पुढचे २० मिनिटं कोणी विश्वास ठेवत नाही. नवशिक्यांच्या मैफलीत थाट उरकून टाकण्याची जी रीत पडली आहे ती मला अजिबात पटत नाही.

ठुमरी की अभंग? दोन्ही नको. अभंग घेणार असाल तर एक सांभाळा: "विठ्ठल" शब्द आला की कटीवर हात, परत आला की परत कटीवर हात, असं पाच वेळा होतं आणि अभिनय तक्त्यासारखा दिसायला लागतो. ती मुद्रा एकदाच, तीही पूर्ण ठहरावाने. बाकीच्या वेळी वारकरी बघतोय, त्याला काय दिसतंय, त्याचं काय होतंय, तिकडे जा. भजनी ठेका ८ मात्रांचा, सतत वाजतो, त्यामुळे पाय आपोआप हलायला लागतात. अभंगात पाय आवरा.

उत्तर: दायांबायां

तबल्याच्या बाजूने लिहितो.

पट्टीचं आधी. गायिका काळी चार आणि तबला काळी एक, हे वाटतं तेवढं अवघड नाही. काळी चारचा षड्ज धरला तर काळी एक हा त्याचा शुद्ध मध्यम. ठुमरी किंवा अभंगाच्या रागात शुद्ध मध्यम ठळक असेल तर दायां (जोडीतला उजवा तबला) मध्यमात लावलेला चालतो, बेसूर वाटत नाही. राग असा असेल की मध्यम तीव्र आहे किंवा वर्ज्य आहे, तर मात्र काळी चारचा दुसरा दायां लागेल. तो मैफलीआधीच लावून कापडाखाली झाकून ठेवायचा. रंगमंचावर हातोडी घेऊन बसलं की चार मिनिटं गेली. गायिका काळी पाचच्या असत्या तर ही सोय नव्हती, काळी एक त्यांचा कोमल गंधार होतो. रागाचं नाव तबलजींना आजच कळवा, तालमीच्या दिवशी नको.

तालमी: तबला आणि लेहरा दोघं एकत्र किमान ६ वेळा. फक्त तबल्याबरोबर १० तालमी करून लेहरेवाल्याला शेवटच्या दिवशी बोलावणं हा सगळ्यात महाग पडणारा काटकसरीचा मार्ग. नर्तकी लय लेहऱ्यावरून धरते, ठेक्यावरून नाही. लेहरा नवा वाटला की सम ऐकू येत नाही.

प्रत्येक बंदिशीची चिठ्ठी करा. चार गोष्टी पुरेत: कुठून उठते (समेपासून, खालीपासून, की अमुक मात्रेपासून), जाती कोणती, किती आवर्तनं, आणि तिहाईत (तीनदा येऊन समेवर संपणाऱ्या तुकड्यात) दम, म्हणजे मधली विश्रांती, आहे की बेदम. शेवटची गोष्ट नेहमी राहते आणि तिथेच गाडी अडते. तीनतालात समेपासून उठणारी तिहाई १७ मात्रांची हवी: ५ मात्रांचा पल्ला तीनदा आणि मधे एकेका मात्रेचा दम दोनदा. १५ आणि २ सतरा. तबलजीने दम धरला नाही तर तो १५ व्या मात्रेवर संपतो आणि तुम्ही १७ वर. प्रेक्षकाला वाटतं नर्तकी चुकली.

चुकलंच तर काय? थांबायचं नाही, तबलजीकडे रागाने बघायचं नाही (पहिल्या रांगेला सगळं दिसतं). ठेका चालू राहील, तुम्ही खालीची वाट बघा आणि नवव्या मात्रेपासून "तिग्दा दिगदिग थेई" तीनदा. तीन-तीन मात्रा, एकूण ९, शेवटचा "थेई" बरोबर समेवर. पहिल्या वर्षाला शिकवतात तीच तिहाई, पण हीच बाहेर काढते.

लय चढण्याबद्दल: विलंबित ५० ला सुरू होतं आणि २० मिनिटांनी ६०-६५ वर गेलेलं असतं. कारण एकच, प्रत्येक तिहाईच्या शेवटच्या पल्ल्यात नर्तकी पुढे सरकते, तबलजी सावरायला तिच्याबरोबर जातो, आणि ठेका परत मागे येत नाही. दर बंदिशीला अर्धी मात्रा. तालीम मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या मिनिटाला एक आवर्तन घड्याळावर मोजा. १९ सेकंदांचं १५ झालं असेल तर लय ५० ची ६४ झाली. लय वाढवायची ती ठरवून, मानेने खूण करून, सगळ्यांनी मिळून.

ट्रॅकचं म्हणाल तर तीनतालासाठी कदापि नको. ट्रॅकवर उपज (आयत्या वेळी सुचलेली भर) करता येत नाही, आणि चुकलात तर ट्रॅक थांबत नाही. वंदना रेकॉर्डेड चालेल.

मध्यलय_पुणे

ताई, दादा, खूप आभार. धमार काढला. अभंग ठेवते, ठुमरी नाही. दायां मध्यमात लावण्याचं माहीतच नव्हतं. अजून दोन शंका. नाट्यगृहात रंगमंचावर लाकडी फळ्या आहेत पण बरेच जण वर काळं व्हिनाईल टाकतात, टाकू का? आणि दोन आठवडे उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखतंय, तत्कारानंतर जास्त. रियाझ घरी फरशीवर असतो.

उत्तर: विंगेतून

व्हिनाईल टाकू नका, निदान चक्कर (गिरकी) करून बघितल्याशिवाय नाही. समूहनृत्याला ते ठीक आहे. कथकात चक्कर टाचेवर फिरते, रबरी पृष्ठभाग टाच पकडतो आणि पीळ गुडघ्यात जातो. शिवाय पायाचा आवाज मरतो. फळ्या उघड्या ठेवा. आदल्या दिवशी अनवाणी, सावकाश, पूर्ण रंगमंच चालून घ्या: वर आलेले खिळे, फळ्यांच्या फटी, आधीच्या नाटकाच्या सेटच्या टेपचा चिकटा. चिकटा ओल्या फडक्याने काढा. पावडर टाकून "गुळगुळीत" करायला कोणी आलं तर हाकलून द्या.

आवाज. पायासाठी रंगमंचाच्या पुढच्या कडेला जमिनीला चिकटून बसणारे दोन सपाट माइक मागा. उभ्या स्टँडचे माइक पायाकडे वाकवून ठेवले तर घुंगरांची फक्त छमछम येते, टाच आणि पंजा यातला फरक ऐकू येत नाही. लाकडी रंगमंच पोकळ असतो, त्यामुळे खालचा धम्म आवाज साऊंडवाल्याला कापायला सांगा. तुमच्या बाजूला एक मॉनिटर (तुम्हाला साथ ऐकू येण्याचा स्पीकर) हवाच, आणि त्यात लेहरा सगळ्यात वर, तबला त्याखाली, घुंगरू शून्य. बहुतेक ठिकाणी मॉनिटरमध्ये तबला भरून टाकतात आणि द्रुतात लेहरा गायब होतो. पढंतीसाठी वेगळा माइक, वादकांच्या ओळीत, म्हणजे तुम्ही पढंतीला तिकडे जाल तेव्हा श्वासही मिळतो. वादक थोडे तिरके बसवा, तबलजीला तुमचे पाय दिसले पाहिजेत.

प्रकाशयोजनाकाराला एकच गोष्ट बजावा: चक्करांच्या वेळी प्रेक्षागृह पूर्ण काळं करू नका. समोर मागच्या भिंतीवर नजर टेकवायला एक छोटा स्थिर दिवा लागतो. तो नसला की आठव्या-दहाव्या चक्करीला दिशा जाते. बरेचदा प्रेक्षागृहातल्या बाहेर जायच्या दाराची पाटीच कामाला येते, तालमीत ती कुठे आहे ते बघून ठेवा.

कपडे: अंगरख्याचा काठ जड असेल तर गिरकी थांबल्यावर घेर पुढे जातो आणि घुंगरात अडकतो. मैफलीचा पोशाख घालून निदान दोन पूर्ण तालमी करा. ओढणी खांद्यावर आणि कमरेला, दोन्हीकडे शिवून टाका. पिना उडतात आणि मग अनवाणी पायाखाली येतात.

उत्तर: पढंतवाली

नडगीचं आधी बघा, मैफल नंतर. फरशी किंवा काँक्रीटवर तत्कार हे दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. फरशी धक्का शोषत नाही, तो सगळा नडगीत जातो. दुसरं कारण म्हणजे गुडघे ताठ ठेवून टाच मारणं आणि तिसरं म्हणजे घुंगरांची संख्या एकदम वाढवणं (५० वरून थेट १५० केलेत का?).

हाताने दाबून बघा. हाडाच्या कडेने वीतभर लांब दुखत असेल तर बहुधा स्नायूंच्या जोडाची सूज: दोन-तीन आठवडे जोराचा तत्कार बंद, फक्त हस्तक (हातांच्या हालचाली), पढंत, अभिनय, आणि पोटरीचे व्यायाम. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला बारीक भेग असू शकते. मग हाडांच्या डॉक्टरांकडेच जा. आणि एक्स-रे "नॉर्मल" आला म्हणून लगेच नाचू नका, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अशी भेग एक्स-रेत बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. डॉक्टरांना तुमचं नृत्य पायाने आपटायचं आहे हे स्पष्ट सांगा. "डान्स" म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं.

घरी फरशीवरच करायचं असेल तर जाड प्लायवूडखाली पट्ट्या मारून तीन बाय चारची फळी बनवून घ्या, खाली हवा राहिली पाहिजे. नुसती सतरंजी उपयोगाची नाही.

आणि घुंगरू नव्या दोरीत ओवायचे असतील तर आत्ता ओवा. सुती दोरी पहिले काही आठवडे ताणते, बांध सैल होतो. प्रत्येक घुंगरामागे गाठ असलीच पाहिजे, म्हणजे तुटली तर एकच घुंगरू पडेल.

उत्तर: हिशोबी_नर्तक

"पुढे काय" याकडे कोणी आलं नाही, म्हणून.

मैफलींवर पोट चालवणारे कथक कलाकार देशात फार थोडे. बाकी सगळ्यांचा कणा शिकवणं हाच आहे, आणि त्यात कमीपणा नाही. पुण्याचंच उदाहरण घ्या. रोहिणीताई भाटे १९४६ मध्ये जयपूर घराण्याच्या सोहनलालांकडे कथक शिकायला लागल्या आणि १९४७ मध्ये त्यांनी नृत्यभारती सुरू केली. म्हणजे शिकवणं आणि शिकणं बरोबरच चाललं. पुढे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं तालीम, शिवाय केशवराव भोळे आणि वसंतराव देशपांडे यांच्याकडे गाणं. संगीत नाटक अकादमी पुरस्कार १९७९ चा, संस्था काढल्यावर ३२ वर्षांनी. ज्या शहरात घरंदाज मुलीने कथक करणं तेव्हा सहज स्वीकारलं जात नव्हतं, तिथे एक पूर्ण पिढी उभी राहिली ती वर्गातून. त्यांच्या स्वतःच्या बंदिशींचा जो गाजावाजा होतो त्यामागे हे गाण्याचं शिक्षण आहे, असं माझं मत. तुम्हाला पाच वर्षांत एक गोष्ट शिकायची असेल तर गाणं शिका.

आता रोकडा व्यवहार. वय २३ आहे, तर केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आधी बघा: १८ ते २५ वयोगट, २ वर्षं, महिना ५,००० रुपये. गुरूकडे किमान ५ वर्षं शिकल्याचं पत्र लागतं, ते आजच मागून ठेवा. २५ नंतर तीच दारं कनिष्ठ फेलोशिपची, पण तिथे संशोधनाचा विषय मांडावा लागतो. दूरदर्शनची श्रेणी आणि आयसीसीआरच्या (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या) यादीत नाव, या दोन्हींचा थेट पैसा कमी, पण महोत्सवांच्या अर्जात उपयोग होतो.

महाविद्यालयात शिकवायचं असेल तर विशारद पुरत नाही. एम.ए. (पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, कथकाचा अभ्यासक्रम आहे) आणि त्यावर नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा). नेटला नृत्य आणि नाट्य मिळून एकच विषय असतो, म्हणजे नाट्यशास्त्राचा अभ्यास कराल तर दुहेरी फायदा.

कर: शास्त्रीय नृत्याच्या एका कार्यक्रमाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि व्यक्ती म्हणून कला शिकवण्याची फीही त्यातून वगळलेली आहे. आयोजक मानधनातून बहुधा १० टक्के टीडीएस कापतात. कर लागत नसेल तर विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, न भरलंत तर गेला. मानधन तोंडी ठरवू नका. निदान एक मेल: रक्कम, प्रवास, साथीदारांचं मानधन आयोजक देणार की तुम्ही, किती मिनिटं. साथीदारांचे पैसे त्याच रात्री द्या. या गावात तबलजी आणि पेटीवाले मोजके आहेत आणि ते एकमेकांशी बोलतात.

पहिल्या मैफलीतून पैसे निघणार नाहीत, ते गृहीत धरा. तिचा खरा उपयोग चित्रफितीचा. एक कॅमेरा मध्यभागी, स्थिर, पाय कापले जाणार नाहीत असा, आणि आवाज साऊंडवाल्याच्या टेबलावरून वेगळा घ्या. महोत्सवांना जोडकाम केलेली भपकेबाज फीत नको असते. सलग १० मिनिटं, त्यात ५ विलंबित आणि ५ अभिनय, एवढं पुरतं. चार कॅमेरे लावून क्षणाक्षणाला दृश्य बदललं की निवड करणाऱ्याला तिहाई बसली की नाही तेच कळत नाही, आणि त्याला नेमकं तेच बघायचं असतं.

उत्तर: दायांबायां

हिशोबींच्या सगळ्याला मान डोलावतो, एक सोडून. चित्रफितीत ५ मिनिटं विलंबित आणि ५ अभिनय असेल तर द्रुत कुठे? तबलजी म्हणून माझं मत, ४-३-३ करा. द्रुतात पाय स्वच्छ आहेत की नाही हे मिनिटभरात कळतं.

आणि मध्यलय, धमार काढलात तरी सोडू नका. अलंकारला (विशारदच्या पुढच्या परीक्षेला) बसणार असाल तर लागेलच. साथीदार पक्के करण्याआधी नाट्यगृहाची तारीख लिहून घ्या, आणि दुपारचं सत्र तालमीसाठी मिळतंय का ते विचारा. रात्रीच्याच सत्राचं भाडं भरलंत तर माइक आणि दिवे लावायला तासभर मिळतो, त्यात लेहरा ऐकून बघायला वेळ उरत नाही.